मुक्तस्रोत संगणकीय बीजगणित लायब्ररी : जडणघडण, दोषशोधन आणि ताळ्याचे महत्त्व

सारांश

चिन्हांवर अचूक गणिती प्रक्रिया करणाऱ्या संगणकीय बीजगणित प्रणाली आज अध्यापन व संशोधन या दोन्ही क्षेत्रांत वापरल्या जातात. अशा प्रणालीतील दोष बहुधा संगणक बंद पाडत नाही. तो चुकीचे उत्तर बरोबर असल्याच्या थाटात देतो. प्रस्तुत लेखात मुक्तस्रोत बीजगणित लायब्ररीची रचना, तिच्यात दोष कोठे व का निर्माण होतात आणि ते कसे शोधले व दूर केले जातात, याचे सोदाहरण विवेचन केले आहे. दोषशोधन हे मूलतः गणिती काम असून ते ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्याही आवाक्यातील आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : संगणकीय बीजगणित, मुक्तस्रोत, दोषशोधन, ताळा, चक्रवाल, सिम्पाय.

१. प्रस्तावना

शालेय अंकगणितात उदाहरण सोडवल्यानंतर ताळा करून पाहण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. भागाकार केला की भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करून त्यात बाकी मिळवायची आणि भाज्य येतो का ते पाहायचे. उत्तर काढणे हे एक काम आणि ते तपासणे हे दुसरे काम, हा भेद विद्यार्थ्याच्या मनावर या सवयीने ठसत असे. संगणकाच्या आगमनानंतर मात्र ‘संगणकाने दिले म्हणजे बरोबर’ अशी धारणा बळावली आहे. बेरीज-वजाबाकीपुरती ती बहुतांशी निभावते. बहुपदींचे अवयव पाडणे, समाकलन करणे, समीकरणे सोडवणे अशी कामे संगणकाकडे सोपवली की ती धोक्याची ठरते.

रायगड जिल्ह्यात पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे स्थानक आहे. अशा गावातून पेण, नागोठणे किंवा रोहा येथील महाविद्यालयात जाणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्याला महागड्या व्यापारी गणिती प्रणाली विकत घेणे परवडणारे नाही, आणि लहान महाविद्यालयांनाही त्यांचे वार्षिक परवाने जड जातात. त्यामुळे मुक्तस्रोत प्रणाली हाच त्याच्यासाठी व्यवहार्य पर्याय ठरतो. परंतु ‘फुकट मिळते’ एवढेच या प्रणालींचे महत्त्व मानणे अपुरे आहे. उत्तर कसे आले हे उघडून पाहण्याचा आणि चुकले असल्यास दुरुस्त करण्याचा अधिकार हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होय.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) संगणकीय बीजगणित लायब्ररीची रचना व वाटचाल थोडक्यात स्पष्ट करणे.
(२) तिच्यातील दोषांचे प्रमुख प्रकार उदाहरणांसह मांडणे.
(३) दोषशोधनाची पद्धत क्रमवार सांगणे.
(४) ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने या कामाचे महत्त्व विशद करणे.

३. चिन्हांचे गणित : भास्कराचार्यांचे एक उदाहरण

भास्कराचार्यांनी (जन्म इ. स. १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात अव्यक्त राशींसाठी यावत्तावत्, कालक, नीलक अशा नावांची आद्याक्षरे वापरली आहेत. त्यांचे नातू चांगदेव यांचा उल्लेख असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. संख्या ठाऊक नसतानाही तिच्या चिन्हावर नियमबद्ध क्रिया करीत जाणे ही बीजगणिताची मूळ कल्पना होय आणि संगणकीय बीजगणित लायब्ररीही तेच करते.

याच ग्रंथात भास्कराचार्यांनी क्ष² − ६१य² = १ या स्वरूपाचे उदाहरण चक्रवाल पद्धतीने सोडवले आहे. आरंभ ८² − ६१ × १² = ३ या सोप्या समानतेपासून होतो. पुढच्या पायरीवर ३९² − ६१ × ५² = −४ मिळते आणि तेथून ब्रह्मगुप्ताच्या भावना-नियमाने उत्तर हाती येते : क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. धन पूर्णांकांतील हे सर्वांत लहान उत्तर आहे. इ. स. १६५७ मध्ये फर्मा याने युरोपातील गणितज्ञांपुढे याच प्रकारचे आव्हान ठेवले, तेव्हा त्यानेही ६१ हीच संख्या निवडली होती.

आता या उत्तराचा ताळा संगणकावर करू. क्ष² ची किंमत ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ आणि ६१य² ची किंमत ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०० येते. फरक १. परंतु हाच हिशेब फ्लोटिंग पॉइंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेहमीच्या दशांश पद्धतीने केला तर फरक ० येतो. या पद्धतीत संख्येचे केवळ ५३ द्विमान अंक, म्हणजे सुमारे १५ ते १६ दशमान अंक साठवले जातात. वरील संख्या १९ अंकी असल्याने या टप्प्यावर साठवता येणाऱ्या दोन लगतच्या संख्यांमध्ये ५१२ चे अंतर असते आणि आपल्या दोन्ही संख्या एकाच ठिकाणी जाऊन बसतात. फरक खरोखरच ० असता, तर ६१ चे वर्गमूळ परिमेय आहे असे सिद्ध झाले असते! संगणकाने कोणतीही सूचना न देता एक प्रमेय खोटे ठरवले असते.

बीजगणित लायब्ररीत पूर्णांक हवे तितके अंक राखून साठवण्याची सोय यासाठीच असते. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली जीएमपी ही मुक्तस्रोत लायब्ररी मोठ्या पूर्णांकांच्या अशा हिशेबासाठी अनेक प्रणालींच्या पायाशी आहे.

४. मुक्तस्रोत प्रणालींची वाटचाल

अमेरिकेतील एमआयटी येथे १९६८ मध्ये मॅक्सिमा प्रणालीची पूर्वज असलेल्या मॅक्सायमाचे काम सुरू झाले. तिची एक आवृत्ती टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पण संकेत खुला असल्यामुळे काम थांबले नाही. आजची मॅक्सिमा ही त्याचीच परिणती होय.

संख्या-सिद्धांताच्या विशेष अभ्यासासाठी फ्रान्समधील बोर्दो येथे पारी, तर गट-सिद्धांतासाठी जर्मनीतील आखेन येथे गॅप या प्रणाली १९८० च्या दशकात आकारास आल्या. २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी अशा अनेक प्रणाली एकत्र गुंफणारी सेज ही प्रणाली प्रसिद्ध केली. सेजच्या विकसकांच्या ‘सेज डेज’ या कार्यशाळांपैकी एक ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत झाली. ओन्द्रेय चेर्टिक यांनी सुरू केलेली सिम्पाय ही लायब्ररी संपूर्णपणे पायथन भाषेत लिहिलेली आहे. २००७ पासून गुगल समर ऑफ कोड या उपक्रमातून अनेक विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घातली असून त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा लक्षणीय आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात पवई येथील आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचा उल्लेख आवश्यक आहे. शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा वापर वाढवणे हे त्याचे ध्येय आहे. त्याच संस्थेतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अशा सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत.

५. लायब्ररीची रचना

लायब्ररी म्हणजे इतर आज्ञावलींना वापरता येईल असा तयार आज्ञांचा संग्रह. बीजगणित लायब्ररीत प्रत्येक राशी झाडाच्या रूपात साठवली जाते. उदाहरणार्थ, ३क्ष² + ५ या राशीत सर्वांत वर ‘बेरीज’ असते. तिच्या एका फांदीवर ५ आणि दुसऱ्या फांदीवर ‘गुणाकार’ असतो. गुणाकाराखाली ३ आणि ‘घात’, तर घाताखाली क्ष आणि २ असतात. अवकलन, विस्तार, सरळरूप देणे या सर्व क्रिया म्हणजे या झाडाच्या फांद्या नियमांनुसार बदलणे होय.

या रचनेचे साधारणतः चार थर मानता येतील. सर्वांत खाली अचूक पूर्णांक व अपूर्णांक, त्यावर बहुपदी, त्यावर सर्वसाधारण राशी व त्यांचे सरळरूप आणि सर्वांत वर समाकलन, समीकरणे, श्रेणी यांसारख्या क्रिया असतात. खालच्या थरातील लहानशी चूक वरच्या प्रत्येक थरात पसरते. म्हणूनच समाकलनाचे उत्तर चुकले तरी दोष समाकलनाच्या विभागात असेलच असे नाही.

६. दोषांचे प्रमुख प्रकार

६.१ गृहीतकांचा दोष : क्ष² चे वर्गमूळ क्ष असते, हा नियम क्ष ऋण नसेल तरच खरा आहे. क्ष = −३ घेतल्यास क्ष² = ९ आणि वर्गमूळ ३ येते, −३ नव्हे. लायब्ररीने क्ष विषयी काहीही माहीत नसताना हा नियम लावला, तर पुढचा सर्व हिशेब वाया जातो. म्हणून चिन्ह धन आहे, वास्तव आहे की पूर्णांक आहे, याची नोंद लायब्ररीला ठेवावी लागते. असे अनेक दोष नियम अज्ञात असल्यामुळे घडत नाहीत. नियमाची अट विसरल्यामुळे ते घडतात.

६.२ खंडित फलाचा दोष : १/(२ + कॉस क्ष) या फलाचे ० पासून एका पूर्ण फेरीपर्यंत, म्हणजे वर्तुळीय मापात सुमारे ६.२८ पर्यंत समाकलन करावयाचे आहे. प्रचलित पद्धतीने मिळणाऱ्या प्रतिअवकलजात टॅन(क्ष/२) येतो. दोन्ही टोकांच्या किमती त्यात घालून वजाबाकी केली की उत्तर ० येते. परंतु हे फल सर्वत्र १/३ ते १ यांच्या दरम्यान असल्याने उत्तर २.०९ पेक्षा कमी असूच शकत नाही; खरे उत्तर सुमारे ३.६३ आहे. चूक कोठे झाली? अर्ध्या फेरीवर टॅन(क्ष/२) ची किंमत तुटते आणि प्रतिअवकलज तेथे उडी घेतो. अवकलन करून पाहिल्यास प्रतिअवकलज निर्दोष दिसतो, म्हणून हा दोष सहज निसटतो.

६.३ अशुभ मूळ संख्येचा दोष : दोन बहुपदींचा मसावि युक्लिडच्या रीतीने काढताना मधल्या पायऱ्यांवर सहगुणक प्रचंड वाढतात. ते टाळण्यासाठी एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांवर हिशेब केला जातो. क्ष + १ आणि क्ष + ६ यांचा मसावि १ आहे. परंतु ५ ने भागून बाक्या घेतल्यास ६ ची बाकी १ येते, दोन्ही बहुपदी सारख्याच दिसतात आणि मसावि क्ष + १ मिळतो. ५ ही या उदाहरणापुरती अशुभ संख्या होय. क्ष + ६ ला क्ष + १ ने प्रत्यक्ष भागून पाहिले की बाकी ५ उरते आणि चूक लगेच उघडी पडते. अशा पद्धतीत शेवटचा ताळा वगळणे म्हणजे दोषाला दार उघडे ठेवणे होय.

६.४ शून्य ओळखण्याची अडचण : ५ + २√६ याच्या वर्गमुळातून √२ आणि √३ वजा केल्यास उत्तर नेमके ० येते, कारण (√२ + √३)² = ५ + २√६. दशांशात हिशेब केल्यास मात्र ० किंवा अतिशय लहान संख्या मिळते आणि ती खरोखर शून्य आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. १९६८ मध्ये डॅनियल रिचर्डसन यांनी दाखवून दिले की, घातांकीय व त्रिकोणमितीय फले असलेल्या राशींच्या एका व्यापक वर्गासाठी, राशी सर्वत्र शून्य आहे का हे ठरवणारी सार्वत्रिक रीत अस्तित्वातच असू शकत नाही. म्हणजे ही अडचण कोणा एका लेखकाच्या निष्काळजीपणाची नाही. ती विषयाच्या स्वभावातच आहे. चांगली लायब्ररी अशा वेळी ‘ठरवता येत नाही’ असे सांगते, अंदाजाने उत्तर देत नाही.

७. दोषशोधनाची पद्धत

दोषशोधनाचे काम पुढील टप्प्यांनी होते.

पहिला टप्पा पुनरावृत्तीचा. चूक पुन्हा घडवून आणता आली पाहिजे. त्यासाठी लायब्ररीची आवृत्ती, वापरलेली आज्ञा आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे नोंदवावे लागते. काही लायब्ररी आधीची उत्तरे स्मृतीत राखून ठेवतात. त्यामुळे आज्ञांचा क्रम बदलला की चूक दिसेनाशी होऊ शकते. अशा वेळी प्रत्येक प्रयोग नव्याने सुरू केलेल्या सत्रात करणे इष्ट असते.

दुसरा टप्पा उदाहरण लहान करण्याचा. वीस पदांच्या बहुपदीत दिसलेली चूक दोन पदांतही दिसते का, मोठ्या सहगुणकांऐवजी १ घेतल्यास ती टिकते का, हे पाहत जावे. उदाहरण आणखी लहान करता येत नाही अशा ठिकाणी दोषाचे कारण बहुधा स्पष्ट दिसू लागते.

तिसरा टप्पा खरे उत्तर स्वतंत्रपणे ठरवण्याचा. समाकलनाचे अवकलन करावे, अवयवांचा गुणाकार करावा, समीकरणाची मुळे समीकरणात घालून पाहावीत. वर ६.२ मध्ये पाहिल्याप्रमाणे एकच ताळा पुरेसा नसतो. उत्तराच्या मर्यादा कागदावर काढणे, काही बिंदूंवर किमती काढणे आणि दुसऱ्या प्रणालीशी तुलना करणे हे पूरक ताळे होत.

चौथा टप्पा दोषाचे स्थान शोधण्याचा. जुन्या आवृत्तीत उत्तर बरोबर आणि नव्या आवृत्तीत चूक येत असेल, तर मधल्या बदलांचे दोन भाग करून नेमका दोषी बदल शोधता येतो. मधल्या आवृत्तीत चूक दिसली तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या अर्ध्यात. या रीतीने एक हजार बदलांतून दोषी बदल शोधण्यास सुमारे दहा चाचण्या पुरतात, कारण २ चा दहावा घात १०२४ आहे.

पाचवा टप्पा दुरुस्तीचा. येथे लक्षणावर नव्हे, कारणावर उपाय करणे महत्त्वाचे असते. ६.३ मधील उदाहरणात ‘५ ही संख्या वापरू नये’ अशी दुरुस्ती केल्यास ते एक उदाहरण सुटेल. पण क्ष + १ आणि क्ष + ८ यांच्यासाठी ७ ही संख्या तीच चूक घडवील. प्रत्येक वेळी भागाकाराने ताळा करणे आणि तो जुळला नाही तर दुसरी मूळ संख्या घेणे, ही खरी दुरुस्ती होय.

सहावा टप्पा कायमच्या चाचणीचा. सापडलेले लहान उदाहरण बरोबर उत्तरासह चाचणीसंचात कायमचे नोंदवले जाते. पुढे लायब्ररीत कोणताही बदल झाला की हा संच आपोआप तपासला जातो आणि जुना दोष पुन्हा शिरला तर लगेच कळते. त्यानंतर प्रकल्पातील इतर सदस्य दुरुस्ती वाचून शंका विचारतात आणि समाधान झाल्यावरच ती स्वीकारली जाते. संशोधनपत्रिकेतील समकक्ष परीक्षणाशी या प्रक्रियेचे साम्य उघड आहे.

८. खुल्या संकेताचे महत्त्व : एक प्रकरण

२०१४ मध्ये दुरान, पेरेझ आणि वारोना या तीन स्पॅनिश गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या नियतकालिकात स्वतःचा अनुभव प्रसिद्ध केला. संशोधनासाठी मोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचे निश्चयक काढताना एक सुप्रसिद्ध व्यापारी प्रणाली चुकीची उत्तरे देत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्याच मॅट्रिक्सचा निश्चयक पुन्हा काढला असता वेगळेच उत्तर मिळे. चूक उघडकीस आली ती दुसऱ्या प्रणालीशी तुलना केल्यामुळे. मात्र पहिल्या प्रणालीचा संकेत बंद असल्याने ती चूक का होते, कोणत्या मॅट्रिक्ससाठी होते आणि आधीची कोणती उत्तरे विश्वासार्ह मानावीत, हे त्यांना तपासता आले नाही.

मुक्तस्रोत प्रणालींत दोष नसतात, असा याचा अर्थ नाही. त्यांतही दोष असतात आणि कधी कधी दीर्घकाळ राहतात. फरक एवढाच की तेथे दोषापर्यंत पोहोचण्याची वाट अडवलेली नसते. गणितात सिद्धता वाचकापासून लपवून केवळ निष्कर्ष सांगण्याची प्रथा मान्य नाही; सिद्धतेचा एखादा भाग संगणकाने केला असेल, तर तो भागही वाचता आला पाहिजे, हे त्याच तत्त्वाचे स्वाभाविक विस्तारण आहे.

९. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने

अशा कामासाठी फार मोठी साधनसामग्री लागत नाही. सिम्पाय किंवा मॅक्सिमा साध्या संगणकावरही चालतात आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्यांना सतत इंटरनेट जोडणीची आवश्यकता नसते. कासूहून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेले अवकलन, समाकलन आणि बहुपदींचे गणित एवढ्या भांडवलावर तो लायब्ररीच्या उत्तरांचे ताळे करू शकतो. पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय लायब्ररीकडून सोडवून घेणे, पुस्तकातील उत्तराशी न जुळणारी उदाहरणे वेगळी काढणे, चूक पुस्तकाची, स्वतःची की लायब्ररीची हे ठरवणे आणि लायब्ररीची असल्यास लहान उदाहरणासह कळवणे, असा प्रकल्प कोणत्याही गणित विभागाला एका सत्रात राबवता येईल.

यात भाषेचा अडसर आहे, हे मान्य करावे लागेल. दोषाची नोंद इंग्रजीत करावी लागते. परंतु उत्तम नोंदीत लांब निवेदन नसते. दिलेली आज्ञा, मिळालेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि त्याचे कारण एवढेच असते. यांतील बराचसा भाग गणिताच्या भाषेत असतो आणि ती विद्यार्थ्याला अवगत असते.

१०. निष्कर्ष

(१) संगणकीय बीजगणित प्रणालीतील सर्वांत घातक दोष म्हणजे सूचना न देता मिळणारे चुकीचे उत्तर होय.
(२) असे दोष प्रामुख्याने नियमांच्या विसरलेल्या अटी, फलांची खंडितता, सोयीसाठी घेतलेले आडमार्ग आणि शून्य ओळखण्याची मूलभूत अडचण यांतून निर्माण होतात.
(३) दोषशोधनात संगणकीय कौशल्याइतकेच, किंबहुना अधिक, गणिती आकलन लागते.
(४) संकेत खुला असणे ही निकालाच्या विश्वासार्हतेसाठी आवश्यक बाब आहे. ती पुरेशी मात्र नाही. कोणीतरी प्रत्यक्ष ताळा करणे गरजेचे असते.
(५) हे काम ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात असून अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून त्याचा स्वीकार होणे उपयुक्त ठरेल.

समारोप

चक्रवाल पद्धतीने काढलेले उत्तर आठ शतकांनंतरही कोणालाही कागदावर गुणाकार करून तपासता येते. ते भास्कराचार्यांनी सांगितले म्हणून बरोबर मानावे लागत नाही. ताळा जुळतो म्हणून ते बरोबर आहे. संगणकाने दिलेल्या उत्तरालाही हीच कसोटी लावणे आणि ती लावण्याची सवय वर्गात रुजवणे, हे गणिताच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.